शंका-समाधान : ड्रॉइंग सापडेना, लिंक उघडेना

प्रश्न : ठाण्यात माजिवड्याला आमचे प्रोजेक्ट मॅनेजमेंट सल्लागाराचे ऑफिस आहे. पुनर्विकासाची तीन कामे चालू आहेत आणि सगळी कागदपत्रे शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टची कागदपत्रे ठेवण्याची ऑनलाइन सोय) आहेत. फोल्डरात फोल्डर अशा सात-आठ पातळ्या झाल्यात. साइट इंजिनिअरला मोबाइलवर ड्रॉइंग लवकर सापडत नाही आणि सापडते ते बऱ्याचदा जुने असते. शोध सुधारणारे एखादे ॲड-ऑन विकत घ्यावे का?

उत्तर : तूर्त नको. घोडं अडलंय ते फोल्डरांत. बी विंगच्या स्लॅबचे ड्रॉइंग एक जण 'स्लॅब'खाली टाकतो, दुसरा 'जीएफसी' (गुड फॉर कन्स्ट्रक्शन, म्हणजे बांधकामासाठी मंजूर) खाली, तिसरा 'फायनल'मध्ये. शोधणाऱ्याला आधी ठेवणाऱ्याचे मन ओळखावे लागते.

प्रत्येक प्रकल्पाची एक लायब्ररी, म्हणजे शेअरपॉइंटमधला कागदपत्रांचा कप्पा, ठेवा आणि तिच्यात फोल्डरांची एकच पातळी : ड्रॉइंग, परवानग्या, पत्रव्यवहार, बिले. विंग, शाखा, स्थिती, रिव्हिजन हे सगळे कॉलमांत जाऊ द्या. रिव्हिजन सोडून बाकीचे कॉलम यादीतून निवडायचे असावेत. टाइप करायला मोकळीक दिलीत की 'स्ट्रक्चर', 'स्ट्रक्चरल' आणि 'आरसीसी' अशा तीन शाखा तयार झाल्याच म्हणून समजा. हे कॉलम साइट कॉलम म्हणून (इथे साइट म्हणजे शेअरपॉइंटची; तिच्यातल्या सगळ्या लायब्ररींना चालणारे कॉलम) एकदाच बनवा आणि तिन्ही लायब्ररींना तेच जोडा. प्रत्येक ठिकाणी हाताने नव्याने बनवले तर महिन्याभरात यादी वेगळी होते.

मग 'साइटसाठी' नावाचा व्ह्यू, म्हणजे निवडक फाइलींची तयार यादी, करा : स्थिती जीएफसी, गट विंगनुसार. सेटिंगमध्ये फोल्डर न दाखवता सगळ्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडा, नाहीतर व्ह्यू पुन्हा फोल्डरच दाखवेल. नाव आणि कॉलमांचा क्रम तिन्हीकडे तोच ठेवा. आणि 'स्थिती' कॉलमला इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आत्ताच लावा. व्ह्यूची मर्यादा ५,००० नोंदींची आहे; लायब्ररी तेवढी फुगल्यावर इंडेक्स नसलेल्या कॉलमवरचा फिल्टर अडतो. फिल्टर करून उरणाऱ्या नोंदीही ५,०००च्या आत हव्यात.

आता जुन्या ड्रॉइंगचे. 'स्लॅब_आर२_फायनल'नंतर 'स्लॅब_आर३_फायनल' अशी नवी फाइल टाकली की आधी पाठवलेली लिंक जुन्याच फाइलवर जाते. लिंक तिचे काम चोख करते, म्हणूनच घोटाळा होतो. फाइलनावातून रिव्हिजन काढा, ड्रॉइंग क्रमांक तेवढा ठेवा आणि सुधारित फाइल त्याच नावाने चढवा. 'बदला' की 'दोन्ही ठेवा' असे विचारले जाईल तेव्हा 'बदला' निवडा. जुनी प्रत व्हर्जन हिस्टरीत राहते, लिंक तीच राहते.

यात दोन ठिकाणी ठेच लागते. फाइल बदलली तरी कॉलममधला रिव्हिजन क्रमांक आपोआप बदलत नाही. तो त्याच वेळी हाताने बदलायचा. दुसरे जास्त घातक : तपासणीत असलेले ड्रॉइंग त्याच नावावर चढवले तर नामंजूर नकाशावर स्लॅब पडू शकतो. तपासणीच्या फाइली वेगळ्या लायब्ररीत ठेवा आणि मंजुरीनंतरच इकडे आणा.

कंत्राटदाराला लॉगिन नसेल तर पीडीएफ पाठवावीच लागते. तेवढ्या प्रतीच्या नावात रिव्हिजन जरूर लिहा, कारण व्हॉट्सॲपवर पोचलेल्या फाइलीला कॉलम नसतात.

प्रश्न : महापे एमआयडीसीतील आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत रेडमाइन हे प्रोजेक्टांची कामे सांभाळणारे सॉफ्टवेअर आहे. काही प्रोजेक्टांत माहिती 'डॉक्युमेंट्स'मध्ये, काहींत 'फाइल्स'मध्ये, उरलेली विकीत, म्हणजे टीमने मिळून लिहायच्या पानांत. नव्या माणसाने नेमके कुठे पाहावे?

उत्तर : विकीचे पहिले पान हाच एकमेव दरवाजा ठरवा. फाइल कुठेही असो, तिची लिंक तिथे असलीच पाहिजे. तयार फाइली 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवा. 'फाइल्स' फक्त रिलीजच्या पॅकेजसाठी.

अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधील सेटिंग्जमध्ये, प्रोजेक्ट्स टॅबवर, नव्या प्रोजेक्टसाठी कोणते मॉड्यूल (डॉक्युमेंट्स, फाइल्स, विकी असे विभाग) चालू असावेत ते ठरवता येते. त्याचा परिणाम जुन्या प्रोजेक्टांवर होत नाही, तिथे एकेकाच्या सेटिंगमध्ये जावे लागेल. त्याहून बरे म्हणजे एक नमुना प्रोजेक्ट बनवून दरवेळी त्याचीच कॉपी करणे. विकीची पानेही सोबत येतात.

डॉक्युमेंटला लिंक शीर्षकाने देता येते तशी हॅश (#) आणि क्रमांकानेही. क्रमांकाचीच द्या, शीर्षक बदलले तरी ती तुटत नाही. विकी पानाचे नाव बदलताना जुन्या लिंका नव्या पानाकडे वळवण्याची खूण काढू नका. घाईत ती निघते आणि मग दहा पानांवरच्या लिंका मरतात.

प्रश्न : ऐरोलीहून. संगणकाच्या फोल्डरात 'बिल २' आधी येते, ब्राउझरमध्ये 'बिल १०'. असे का?

उत्तर : विंडोजचा एक्स्प्लोरर नावातला आकडा आकडा म्हणून वाचतो, वेबवरची यादी बहुधा अक्षर-अक्षर लावते आणि मग १० मधला १ हा २ च्या आधी येतो. 'बिल ००२', 'बिल ०१०' लिहा. तारखाही वर्ष-महिना-दिवस अशा, म्हणजे २०२५-०३-०७. दोन्हीकडे क्रम सारखा दिसेल.