विलिस जॉन्सनसारखं अमेरिकेत यार्ड टाकायचंय? आधी हे वाचा

तुमचं कुर्ल्यात गाड्यांच्या जुन्या पार्ट्सचं दुकान आहे, जॉन्सनची गोष्ट वाचून अमेरिकेत यार्ड, म्हणजे मोडक्या गाड्या ठेवून फोडायची-विकायची जागा, टाकायचं मनात आलंय. जमेल का, असं विचारलंत. मी टेक्ससमध्ये याच धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जॉन्सन व्हिएतनाम युद्धातून परतलेला माणूस. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो इथल्या एका यार्डातून त्याने कोपार्ट ही मोडक्या गाड्या लिलावात विकून देणारी कंपनी सुरू केली आणि १९९४ मध्ये ती शेअर बाजारात आणली. पैसा कुठे होता ते नीट बघा. 'टोटल लॉस' ठरलेली, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशी गाडी इन्शुरन्स कंपनीकडे जाते. ती विकून देणाऱ्याला गाडीमागे ठरलेली फी मिळायची. गाडी पाच हजारांना जावो नाहीतर पाचशेला, त्याला फरक पडत नसे. जॉन्सनने विक्रीच्या रकमेत टक्का मागितला. मग गाडी धुऊन, फुटक्या काचा झाकून लिलावाला उभी करण्यात दोघांचाही फायदा होऊ लागला. मला तरी त्याचं सगळ्यात मोठं डोकं इथेच दिसतं. पूर्णपणे ऑनलाइन लिलाव २००३ मध्ये आला, आणि परदेशातलं गिऱ्हाईकही बोली लावू लागलं.

गाडी फोडायचं काम तुम्हाला येतंच, पण इथली शिस्त वेगळी. गाडी आली की आधी पेट्रोल, ऑइल, कूलंट वेगवेगळ्या टाक्यांत काढायचं. एसीचा गॅस मशीनने खेचून घ्यावा लागतो, हवेत सोडणं गुन्हा आहे. मग पार्टवर मार्करने नंबर टाकून तो कॉम्प्युटरवर चढवायचा. टेक्ससमध्ये या कामाला राज्याचा परवाना लागतो.

खरी अडचण व्हिसाची. ई-२ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा भारतीय पासपोर्टवर मिळत नाही. एजंट काहीही सांगोत, पैसे देऊ नका. ईबी-५, म्हणजे गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणारा व्हिसा, त्याला किमान ८ लाख डॉलर आणि १० जणांना नोकऱ्या. उरतो एल-१, म्हणजे कंपनीने आपल्याच अमेरिकेतल्या ऑफिसात माणूस पाठवायचा व्हिसा. त्यासाठी मागच्या तीन वर्षांत भारतातल्या कंपनीत सलग एक वर्ष मॅनेजरचं काम केलेलं हवं, आणि तिकडचा धंदा पुढेही चालू राहायला हवा. नव्या ऑफिसला आधी एकच वर्ष देतात. त्यामुळे दुकान विकून अजिबात येऊ नका. प्रोप्रायटरशिप असेल तर प्रायव्हेट लिमिटेड करा, पगार आणि टॅक्स कागदावर आणा, आणि मगच इमिग्रेशन वकिलाकडे जा.

मधल्या काळात बिझनेस व्हिजिटर व्हिसावर या. लिलाव बघा, भाव टिपून घ्या. काम मात्र एक दिवसही करू नका. यार्ड मी दाखवतो.