हरिकेनमध्ये घरं गेलेल्यांना मदत करायची आहे. कपडे, पांघरुणं पाठवली तर चालतील का? आणखी काय करता येईल?

कपडे नका पाठवू. ते चांगले असले, धुऊन-घडी करून ठेवलेले असले, तरी नको. 1998 मध्ये मिच वादळानंतर होंडुरासमध्ये दानात आलेल्या कपड्यांचे गठ्ठे धावपट्टीवरच पडून राहिले आणि मदतीचं सामान घेऊन आलेल्या विमानाला उतरता येईना. कपडे निवडायला, ठेवायला माणसं लागतात, जागा लागते, आणि त्या दिवसांत नेमकी त्याचीच टंचाई असते.

पैसे द्या, आणि शक्यतो तिथल्याच संस्थेला द्या. 2024 मध्ये हेलेन वादळाच्या पुरात नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल इथल्या मॅना फूडबँकेचं स्वतःचं गोदाम गेलं, तरी त्यांनी दुसरीकडून धान्यवाटप सुरू ठेवलं. कुठला रस्ता वाहून गेलाय, कुठल्या वस्तीत एकटी म्हातारी माणसं राहतात, हे अशा लोकांना कुणी सांगावं लागत नाही. मोठ्यांपैकी औषधांसाठी डायरेक्ट रिलीफ आणि गरम जेवणासाठी वर्ल्ड सेंट्रल किचन, या दोघांवर माझा विश्वास आहे.

मेसेजमधून आलेल्या लिंकवर मात्र पैसे भरू नका. संस्थेचं नाव चॅरिटी नेव्हिगेटर या, संस्थांची पारख करणाऱ्या वेबसाइटवर तपासा. गिफ्ट कार्डनं किंवा क्रिप्टोत पैसे मागितले, की तिथेच थांबा. कतरिना वादळानंतर, 2005 मध्ये, अमेरिकेच्या न्याय खात्याला अशा फसवणुकीसाठी वेगळं केंद्र उघडावं लागलं होतं, इतकं हे सर्रास चालतं.

तुम्ही जवळपास राहत असाल आणि अंगमेहनत जमत असेल, तर घरं साफ करायला जा, पण एखाद्या गटाबरोबरच. क्रायसिस क्लीनअप नावाची व्यवस्था आहे, तिथे घरमालक मदत मागतात आणि संस्था ती कामं वाटून घेतात. हेलेननंतर मीही अशाच एका गटाबरोबर गेले होते. भिंतीवर पाण्याची रेघ दिसते, पण ड्रायवॉल, म्हणजे तिथल्या भिंतींना लावलेले जिप्समचे पत्रे, तिच्या बरीच वरपर्यंत कापावी लागते, कारण ओल आतून वर चढलेली असते. ती राहिली की बुरशी धरते. काहीही बाहेर टाकण्याआधी फोटो काढायचे, विम्याला आणि फेमाला, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आपत्ती-मदत खात्याला, तोच पुरावा लागतो. एका घरातल्या वयस्कर बाईंनी स्वयंपाकघरातला एक खण आम्हाला उचलूच दिला नाही. आधी मला बघू दे, म्हणाल्या. आत चिखलात माखलेले चमचे आणि हातानं लिहिलेल्या पाककृतींचे कागद होते. आम्ही सगळे हातातलं काम ठेवून थांबलो. अशा वेळी घाई करू नका, एवढंच सांगेन.

आता ज्या कामाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही ते सांगते, आणि माझ्या मते तुमची सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे. मदतीच्या अर्जावर फेमाकडून 'अपात्र' असं पत्र आलं की पुष्कळ लोक हाय खाऊन गप्प बसतात. पुष्कळदा नुसता एखादा कागद कमी असतो: विमा कंपनीचं पत्र, ओळखीचा पुरावा, त्या घरात राहत असल्याचा पुरावा. पत्राच्या तारखेपासून 60 दिवसांत अपील करता येतं. इंग्रजी अर्ज भरायची सवय असलेल्या कुणीही शेजारी बसून हे करून द्यावं. ओळखीत कुणी वादळग्रस्त असेल तर फोन करून "पत्र आलं का? काय लिहिलंय?" एवढं विचारा.

पैसेही नाहीत आणि जाणंही शक्य नाही, तर ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमच्या कामात उतरा. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून घरं, रस्ते नकाशावर आखायचे असतात. घरबसल्या जमतं, शिकायला सोपं आहे.

आणि द्यायची रक्कम सगळी एकदम देऊ नका. थोडी सहा-आठ महिन्यांनी द्यायला राखून ठेवा. बातम्या थांबल्यावर देणगीचा ओघ आटतो, छपरं मात्र तेव्हाही ताडपत्रीखालीच असतात. त्या सुमाराला बहुतेक ठिकाणी स्थानिक पुनर्बांधणी गट काम करत असतो. विमा आणि सरकार दोन्हीकडून जे सुटलं, ते तो भरून काढायला बघतो. तुमची उरलेली रक्कम त्याला द्या.