वाचकांचे प्रश्न: कमी दिसणाऱ्या मित्रासोबत डोंगरातली अल्ट्रा पळायचीय, काय करू?

प्रश्न: ताई, मी आणि माझा मित्र कॉलेजपासून एकत्र पळतो. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे समोरचं नळीतून बघितल्यासारखं थोडंसं दिसतं, बाजूचं काहीच नाही, आणि अंधार पडला की जवळपास पूर्णच बंद. रोडवर आम्ही हाफ, फुल मॅरेथॉन दोन्ही केल्यात, हातात दोरी धरून, तिथे काही प्रॉब्लेम येत नाही. आता त्याच्या डोक्यात एसआरटी बसलीय, सिंहगड-राजगड-तोरणा, ५३ किलोमीटरवाली अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब रेस. त्याची आई मला फोन करून म्हणाली की तूच त्याला समजाव. मला त्याला नाही म्हणायचं नाहीये पण रात्री झोपताना राजगड-तोरणा धार डोळ्यासमोर आली की पोटात गोळा येतो. मी पेसर म्हणून नक्की करायचं काय? आणि त्याला काही झालं तर?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: सगळ्यात आधी, त्याच्या आईचं काम तू अंगावर घेऊ नकोस. त्यांची काळजी खरी आहे, पण ती त्यांनी त्याच्याशी बोलायची, तुझ्यामार्फत नाही. तो मोठा माणूस आहे, डोंगरात जायचं की नाही हे तो ठरवणार, आणि तू सोबत जायचं की नाही हे तू ठरवणार. तुला मनापासून भीती वाटत असेल तर नाही म्हणायचा हक्क तुलाही आहे, तो मैत्रीचा अपमान नाही. पण तुझ्या पत्रावरून मला वाटतंय की तुला जायचंय, फक्त कसं ते माहीत नाही, आणि ते शिकता येतं.

पेसर हा शब्द जरा बाजूला ठेव. पेसर म्हणजे सोबत पळणारा, मूड टिकवणारा, घड्याळ बघणारा. अमेरिकेत वेस्टर्न स्टेट्स नावाची १०० मैलांची जुनी रेस आहे, तिथे साधारण ६२ मैलांनंतर पेसर घेता येतो, पण त्याने धावणाऱ्याचं पाणीसुद्धा उचलायचं नाही असा नियम आहे, आणि फ्रान्समधल्या यूटीएमबी या डोंगरातल्या अल्ट्रात तर पेसर चालतच नाही. तू जे करणारेस ते गाईडचं काम आहे, तू त्याची नजर म्हणून जाणार, पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत. म्हणून रजिस्ट्रेशन करायच्या आधी आयोजकांना मेल टाका, तुझ्या नाही, त्याच्या नावाने, आणि सरळ विचारा: गाईडला वेगळा बिब (छातीवरचा नंबर) मिळेल का, मध्ये एड स्टेशनवर, म्हणजे खाण्यापिण्याच्या थांब्यावर, गाईड बदलता येईल का, कटऑफमध्ये, म्हणजे वेळेच्या मर्यादेत, काही सूट किंवा लवकर स्टार्ट मिळेल का, दोरी किंवा काठी चालेल का. उत्तर लेखी घ्या. साउथ आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स अल्ट्रामध्ये २०१८ साली झोलानी लुवुनो एका पायावर आणि कुबड्यांवर पळाला, त्याला बाकीच्यांच्या साधारण ५ तास आधी सोडलं होतं आणि त्याचा कोच सोबत होता. मागितलं तर मिळतं असं नाही, पण न मागता तर नाहीच मिळत.

आता डोंगराचं. रोडवर तुम्ही शेजारी-शेजारी पळता, वर्ल्ड पॅरा अॅथलेटिक्सच्या नियमात दोरीची लांबी जास्तीत जास्त ३० सेंटीमीटर, आणि गाईडने ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि फिनिशला खेळाडू पुढे हवा. हे सगळं सपाट ट्रॅकसाठी ठीक आहे. आपल्या पायवाटेवर दोन माणसं शेजारी मावतच नाहीत, एका बाजूला कारवी आणि दुसऱ्या बाजूला उतार. तिथे तू पुढे आणि तो मागे. ट्रेकिंग पोल आडवा धरा, एक टोक तुझ्या हातात मागे केलेलं, दुसरं त्याच्या हातात, म्हणजे तू खाली उतरलास की पोल खाली जातो आणि तू सांगायच्या आधी त्याच्या हाताला कळतं की पुढे पायरी आहे. चढावर पोल नकोसा झाला तर त्याने तुझ्या सॅकचा पट्टा धरायचा. आणि एक गोष्ट मी फार ठामपणे सांगते, दरीच्या कडेला दोरी मनगटाला बांधायची नाही. हातात धरायची, सुटली तर सुटू दे, एक घसरला तर दुसरा त्याच्यामागे जाता कामा नये.

सॅकला एक छोटी घंटी बांध, शेळीच्या गळ्यात असते तसली, आठवडी बाजारात मिळते. २००१ साली एव्हरेस्ट चढलेला एरिक वाइहेनमायर पूर्ण अंध आहे, तो पुढच्या गिर्यारोहकाच्या घंटीच्या आवाजामागे चालायचा. तुझ्या मित्राला समोरचं थोडं दिसतं, तर तू झगझगीत केशरी किंवा पोपटी टीशर्ट घाल, बुटांच्या टाचेला रिफ्लेक्टिव्ह टेप लाव, त्याची नजर तुझ्या टाचेवर राहील आणि तू जिथे पाय ठेवतोस तिथेच तो ठेवेल. म्हणजे तुला तुझ्या स्वतःच्या सोयीच्या उड्या मारायला बंदी, हे लक्षात ठेव, तुझं प्रत्येक पाऊल त्याला परवडणारं हवं.

बोलणं. आपण सगळे सवयीने "जपून रे", "सांभाळून" म्हणतो, त्यातून त्याला काडीची माहिती मिळत नाही, फक्त टेन्शन मिळतं, अंग आखडतं आणि आखडलेला माणूस जास्त पडतो. काय आहे, कुठे आहे, किती आहे एवढंच सांग. "पायरी खाली, गुडघ्याएवढी." "डावीकडे फांदी, डोक्याशी." "घसारा, दहा पावलं." "उजवीकडे दरी, डावा हात कातळाला." आणि वाट चांगली असेल तेव्हा "मोकळं" म्हण, कारण तू गप्प झालास की त्याला कळत नाही की पुढे काही नाहीये की तुझं लक्ष नाहीये. शब्द आधी ठरवा आणि तेच वापरा, दमल्यावर नवीन शब्द डोक्यात शिरत नाहीत. दोन-तीन पावलं आधी सांगायचं, फार आधी सांगितलं तर तो विसरतो आणि पायाखाली आल्यावर सांगितलं तर उपयोग नाही, हे टायमिंग सरावानेच जमतं.

त्याच्या आजाराबद्दल अजून एक गोष्ट जी बरोबरच्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये उजेडातून सावलीत गेल्यावर डोळे जुळवून घ्यायला खूप वेळ लागतो. भर उन्हातून झाडीत शिरलात किंवा राजगडावर अळू दरवाजासारख्या ठिकाणी उन्हातून एकदम सावलीत आलात की तो काही वेळ खरोखर आंधळा असतो, तिथे थांबा, पाणी प्या, मग पुढे. कॅप आणि गॉगल दोन्ही असू दे. रेस डिसेंबरात असते आणि तेव्हा आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे शेवटचा टप्पा अंधारात येईल असं धरूनच तयारी करा. त्याला हेडलॅम्प तर हवाच, पण तुझा लॅम्प कपाळाऐवजी कमरेला बांध, खालून येणाऱ्या उजेडात दगडांच्या सावल्या पडतात आणि खड्डा-उंचवटा कळतो. आणि त्याच्याशी बोलायला मागे वळलास तर लॅम्पवर हात धर, डोळ्यात झोत गेला की पुढची कितीतरी पावलं वाया.

तुझ्या पोटातला गोळा, त्याचं उत्तर घरी बसून मिळणार नाही. राजगड-तोरणा धार आधी ट्रेक म्हणून करा, घड्याळ न लावता, दिवसाउजेडी, आणि तिसरा एक अनुभवी माणूस सोबत घ्या. संजीवनी माचीवरून उतरताना, धारेवरच्या घसाऱ्यावर, बुधला माचीच्या बाजूच्या शिडीवर नक्की कुठे अडतंय ते बघा. शिडीवर उतरताना तोंड कातळाकडे, तू आधी उतर आणि त्याचा पाय हाताने पायरीवर टेकव. पावसानंतर गवत वाळलं की त्याखाली मुरूम लपतो, ते डिसेंबरात सगळ्यात फसवं असतं, दिसणारेही तिथेच आपटतात. जे टप्पे नीट जमत नाहीत ते पुन्हा जाऊन करा. आणि एकदा तू स्वतः पट्टी बांधून त्याच्या मागे चाल, सोप्या वाटेवर, तुझ्या मित्राच्या सूचना ऐकत. तुझी भाषा त्या दिवशी बदलेल.

फिटनेसबद्दल स्पष्ट सांगते कारण इथे मैत्री आड येते. तू त्याच्यापेक्षा बराच फिट असायला हवास. त्याच्या वेगाने पळताना तुला सलग बोलता यायला हवं, तेही आठव्या-दहाव्या तासाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये स्पेनची एलेना कोन्गोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती, शेवटचे काही मीटर राहिले असताना तिच्या गाईडला पायात गोळे आले, तो पडणार म्हणून त्याला धरायला तिने क्षणभर दोरी सोडली आणि तिला अपात्र ठरवलं. मला ती बातमी वाचून रडू आलं होतं. त्याच पॅरिसमध्ये आपल्या सिमरन शर्माने गाईड अभय सिंगसोबत २०० मीटरचं ब्राँझ आणलं, ती दोघं तिथे एका लयीत कशी पळाली ते बघून घे. तर तुझं मीठ, तुझं पाणी, तुझं खाणं हे वेळेवर, त्याची काळजी घेण्याच्या नादात स्वतःचं विसरणारे गाईडच आधी कोसळतात. जमलं तर दोन गाईड ठेवा, ट्रॅकवरसुद्धा ५००० मीटर आणि त्यापुढच्या शर्यतीत दोन गाईड चालतात, इथे तर डोंगर आहे. घसा आणि डोकं दोन्ही थकतं.

आणि "काही झालं तर?" याचं उत्तर दोघांनी आधी बसून ठरवायचं, पहाटे स्टार्ट लाइनला नाही. माझ्या मते वाटणी अशी असावी: तू "थांब" म्हणालास की तो त्याच पावलाला थांबणार, प्रश्न नाही, वाद नाही. पण वेग किती ठेवायचा, कुठे चालायचं, आणि दमलो म्हणून रेस सोडायची का हे तो सांगणार. तुला वाईट वाटतंय म्हणून तू त्याला बाहेर काढायचं नाहीस, आणि तुला फिनिश करायचंय म्हणून ओढायचंही नाहीस. फक्त एक अपवाद, डोक्याला मार, चक्कर, बरळणं, असं काही दिसलं तर निर्णय तुझा, आणि हे त्याने आधीच कबूल केलेलं असू दे, त्याच्या आईसमोर केलं तर अजून चांगलं.

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाचा एक पाय गुडघ्याखाली नाही, कृत्रिम पाय लावून तो २५ किमीचा ट्रेल पळणार आहे. मी सोबत चालीन पण मला त्यातलं काही कळत नाही. कशाकडे लक्ष देऊ?
— एक ताई, नाशिक

उत्तर: घामाकडे. पायाच्या उरलेल्या भागावर लायनर, म्हणजे मऊ आवरण, असतो, त्यात घाम साचला की पाय आत सरकतो, घासतो आणि फोड येतो, आणि एकदा फोड आला की त्या दिवसाचं सगळं संपलं. म्हणून ठरलेल्या अंतराने बसायचं, पाय काढायचा, पुसायचा, कोरडं करून परत घालायचा. तुम्ही सोबत टॉवेल, जादा लायनर आणि त्याच्या पायाच्या स्क्रूला लागणारी अॅलन की ठेवा. दिवसभरात उरलेला पाय थोडा बारीक होतो, मग सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची ज्यात पाय बसतो ती खोबण, सैल पडतं, तेव्हा वरून जादा मोजा चढवायचा, ते त्याला माहीत असेल, तुम्ही मोजे हाताशी ठेवा. या थांबण्यांचा वेळ कटऑफच्या हिशोबात आधीच धरा नाहीतर शेवटी घाई होते. चढाला तुम्ही दमाल पण त्याला खरा त्रास उतारावर आणि तिरप्या वाटेवर होईल, कारण कृत्रिम पाऊल आपल्या घोट्यासारखं बाजूला वळत नाही. तिथे हात पुढे करा, पण धरू नका, त्याला हवा असेल तर तोच धरेल. आणि "दुखतंय का?" हे दर पाच मिनिटांनी विचारू नका, एकदा ठरवा की दुखलं तर तो सांगेल, आणि मग त्याच्यावर विश्वास ठेवा.

प्रश्न: मी स्वतः अंध आहे, ट्रेल पळते. एड स्टेशनला लोक माझ्या गाईडला विचारतात, "यांना केळं चालेल का?" मला फार राग येतो. गाईड मैत्रीण बिचारी गोंधळते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: राग अगदी बरोबर आहे. मैत्रिणीला सांग, अशा वेळी तिने उत्तर द्यायचंच नाही, अर्धं पाऊल मागे सरकायचं आणि "तिला विचारा ना" एवढंच म्हणायचं. स्टेशनवर पोचताना तिने तुला टेबलावर काय काय आहे ते डावीकडून उजवीकडे वाचून दाखवायचं, चिक्की, केळी, मीठ लावलेले बटाटे, पाणी, इलेक्ट्रॉल, मग तू स्वतः मागायचं, मोठ्या आवाजात. आयोजकांच्या व्हॉलंटियर ब्रीफिंगमध्ये हे एक वाक्य घालायला लाव, की जी पळतेय तिच्याशी बोला, आणि हात धरायच्या आधी विचारा. मेल तू लिही, मैत्रिणीला लिहायला सांगू नकोस.