तलावाची बातमी पेपरात कशी आणायची?

(या महिन्यात पत्रं आली ती जवळजवळ सगळी पर्यावरणाचं काम करणाऱ्या इंदूरकरांचीच, आणि सगळ्यांची तक्रार एकच, आमचं कोणी ऐकत नाही. हिंदी पेपरच्या सिटी डेस्कवर आयुष्य काढल्यामुळे या प्रश्नांवर मला बोलायला आवडतं, त्यामुळे यावेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात.)

प्रश्न : दादा, आमचा छोटा ग्रुप आहे, दर रविवारी सिरपूर तलावावर जातो, पक्ष्यांच्या नोंदी करतो, प्लास्टिक उचलतो. दर महिन्याला पेपरला प्रेस नोट पाठवतो. एकतर छापतच नाहीत, आणि छापलीच तर चार ओळी, त्यातल्या दोन प्रमुख पाहुण्यांच्या. सोबत आमची नोट जोडली आहे. काय करावं? — एक वाचक, सुदामा नगर

ताई, नोट वाचली. पहिलं वाक्य आहे, "पर्यावरण संरक्षणाच्या उदात्त हेतूने आमच्या संस्थेतर्फे सिरपूर तलाव परिसरात भव्य स्वच्छता अभियान अत्यंत उत्साहात संपन्न झाले." आता डेस्कवरचा मुलगा हे वाक्य रोज इतक्या वेळा वाचतो की त्याला पुढे वाचायची गरजच वाटत नाही, अभियान काढून शिबिर टाकलं की तीच नोट रक्तदानाची होते. मग पाहुण्यांची नावं, मग आभार कोणी मानले, आणि शेवटच्या परिच्छेदात, जिथे कोणी पोचत नाही तिथे, तुम्ही लिहिलंय की नाल्याच्या तोंडाशी जलकुंभी (जलपर्णी) पसरली आहे आणि मागच्या हिवाळ्यात तिथे दिसणारे थापट्या बदक यंदा त्या बाजूला दिसले नाहीत. अहो हीच तर बातमी! हे वर घ्या. "सिरपूरच्या ज्या कोपऱ्यात मागच्या वर्षी थापट्या उतरायचे तिथे यंदा जलकुंभी आहे," इथून सुरू करा, त्याखाली तुमच्या नोंदवहीतल्या दोन्ही वर्षांच्या तारखा आणि आकडे, त्याखाली जलकुंभी का वाढते ते एका ओळीत (सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस मिळालं की ती भराभर पसरते), आणि शेवटी तुमचं म्हणणं काय, नेमकं कोणी काय करावं. पाहुण्यांना रजा द्या. ते रागावतील, रागावू देत. पेपरला तुमच्या कार्यक्रमाची बातमी नको असते, तलावाची हवी असते, आणि तलावाची बातमी तुमच्याइतकी दुसऱ्या कोणाकडे नाहीये.

दुसरं, निमित्त. सिरपूर म्हणजे काही कोपऱ्यातलं डबकं नाही. होळकरांच्या काळातला तलाव, धार रोडला लागून, १६१ हेक्टरची पाणथळ जागा, २०२२ मध्ये इंदूरच्याच यशवंत सागर तलावाबरोबर रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आला आणि जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरसोबत इंदूरला वेटलँड सिटीचा किताब मिळाला, भारतात पहिल्यांदा याच दोन शहरांना. आता हा किताब ज्या शहराला आहे तिथल्या तलावात नाला येतोय की नाही हा प्रश्न कुठल्याही संपादकाला विचारण्यासारखा वाटेल. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिवस असतो (१९७१ मध्ये त्या दिवशी इराणच्या रामसर गावात करार झाला म्हणून) आणि त्या आठवड्यात रिपोर्टर स्वतःच असं काही शोधत असतो. पण तुम्ही नोट २ तारखेच्या संध्याकाळी पाठवता! २७-२८ जानेवारीलाच फोन करा, म्हणा सकाळी साडेसहाला या, मी पक्षी दाखवते, चहा पाजते. आला तर बातमी तो स्वतः लिहील, आणि स्वतः लिहिलेली बातमी कापली जाऊ नये म्हणून डेस्कवर भांडेलसुद्धा.

फोटोचं काय, तर बॅनर धरून उभी रांग नको. भालू मोंढे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, ते मुळात कलाकार आणि कॅमेऱ्याचे माणूस, सिरपूरसाठी वर्षानुवर्षं झटले, आणि माझं तर मत आहे की हा तलाव वाचवण्यासारखा आहे हे अर्ध्या इंदूरला भाषणांनी कळलं नाही, फोटो बघून कळलं. जलकुंभीत अडकलेली होडी, तलावाकाठी रोज फिरायला येणारे एखादे आजोबा, असा एक फोटो द्या आणि खाली जागा आणि तारीख लिहा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्याची क्वालिटी जाते आणि छापताना भुरकट येतो.

आणि हो, दुपारी चारच्या आत. संध्याकाळी सात नंतर रिपोर्टरला फोन केलात तर तो "हो हो" म्हणेल आणि ठेवून देईल.

प्रश्न : मी रिटायर्ड केमिकल इंजिनिअर. पत्रकारांशी बोलायची भीती वाटते, म्हणतो एक छापतात भलतंच. आमच्या ग्रुपमधली तरुण मंडळी म्हणतात लोकांना घाबरवल्याशिवाय कोणी ऐकत नाही. मला हे पटत नाही, पण नुसत्या आकड्यांनी लोक जांभया देतात हेही खरं आहे. — एक वाचक, लोकमान्य नगर

साहेब, पिथमपूर आठवा, आपल्या शेजारचं कारखान्यांचं गाव, जिथे घातक कचरा जाळायची भट्टी आहे. हायकोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं, चार आठवड्यांत भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातून कचरा हलवा. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर निघाले, ३३७ टन कचरा, अडीचशे किलोमीटर रस्ता, पोलिसांचा ताफा, आणि सकाळी लोक उठतात तर तो पिथमपूरला दारात. ३ तारखेला बंद, दगडफेक, दोन जणांनी स्वतःला पेटवून घेतलं. इंदुरात आमच्या ओळखीतल्या घरांत सुद्धा यशवंत सागरचं पाणी आता प्यायचं का असे मेसेज फिरत होते. आता यात लोकांना कोणी मुद्दाम घाबरवलं असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण भोपाळ १९८४ ज्यांनी ऐकलंय त्यांना घाबरायला कोणाची मदत लागत नाही. ज्यांना माहिती होती त्यांनी आधी गावात येऊन सांगितलं नाही, मग ती जागा व्हॉट्सअ‍ॅपने भरली.

आणि त्या दिवसांत तुमच्यासारखा माणूस हवा होता! त्या कचऱ्यात नेमकं काय आहे, भट्टीचं तापमान किती लागतं, धुरात काय मोजतात, राख कुठे जाते, हे कोणीतरी सोप्या हिंदीत सांगायला हवं होतं, आणि जे धोक्याचं आहे ते धोक्याचं आहे असंही सांगायला हवं होतं, झाकून नाही. पुढे फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत कोर्टाच्या देखरेखीत दहा-दहा टन कचरा जाळून पाहण्याच्या तीन चाचण्या झाल्या, ताशी १३५ किलो, मग १८०, मग २७० किलो, आणि उरलेला जूनअखेर जाळून संपला. हे आकडे पेपरात आले होते पण "ताशी २७० किलो" म्हणजे चांगलं की वाईट हे वाचणाऱ्याला कसं कळणार? तुम्ही म्हणता तसा नुसता आकडा जांभई आणतो, पण जांभई आकड्याची नसते, तो आपला कोण लागतो ते न सांगितल्याची असते. नर्मदेचंच घ्या. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये आलं एवढं म्हटलं तर कोणी मान वर करत नाही, पण तुमच्या नळाला येणारं पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर लांबून, घाट चढवून, पंपांनी ढकलत आणलेलं आहे आणि त्याच्या विजेचं बिल आपणच भरतो असं म्हटलं की माणूस वाहणाऱ्या टाकीकडे बघतो.

चुकीचं छापण्याची भीती, त्याला उपाय आहे. बोलायच्या आधी तीन वाक्यं कागदावर लिहा, आकड्यासकट, आणि तो कागदच रिपोर्टरला द्या किंवा मेसेज करा. त्याला सायन्स येत नाही म्हणून चिडू नका, त्याच दिवशी त्याने एक अ‍ॅक्सिडेंट आणि एक नगर निगमची बैठक कव्हर केलेली असते. "हे मला माहीत नाही, अमक्यांना विचारा" असं म्हणायला लाजू नका, असं म्हणणाऱ्याचा नंबर रिपोर्टर जपून ठेवतो. छापलं आणि चुकलंच, तर संपादकाला शांतपणे दोन ओळींचा खुलासा पाठवा, फेसबुकवर बिकाऊ मीडिया वगैरे लिहू नका, कारण तो रिपोर्टर तिथे आहे आणि वाचतो.

प्रश्न : काका, रील्स टाकतो पण दोनशेच्या वर व्ह्यूज जात नाहीत. मित्र म्हणतो पक्ष्यांच्या जवळ ड्रोन नेला तर मस्त शॉट येईल. नेऊ का? — एक वाचक, राजेंद्र नगर

नको रे बाबा. घरट्यावरून पक्षी उठला की अंडी उन्हात उघडी राहतात, आणि पक्षी वाचवा म्हणून पक्षी उडवायचे हे काय झालं? शिवाय ड्रोन उडवायचे नियम आहेत, परवानगीच्या भानगडी आहेत.

रीलमध्ये पहिल्या दोन-तीन सेकंदात काहीतरी घडू दे. "नमस्कार मित्रांनो आज आपण" यातच लोक पुढे सरकवतात. नाल्याचं काळं पाणी तलावात पडतंय, तिथूनच सुरू कर, आवाज नंतर. अक्षरं मोठी टाक, लोक आवाज बंद करून बघतात. आणि इंदूरच्या लोकांसाठी करतोयस तर इंदूरचं ठिकाण दाखव, रीगलजवळ राणी सरायच्या झाडांवर संध्याकाळी पोपटांचा जो गलका असतो ना, तो एक मिनिट नुसता रेकॉर्ड कर, संगीत नको, भाषण नको, फक्त शेवटी एक ओळ की ही झाडं पोपटांचं रात्रीचं घर आहे. भियांना (म्हणजे आपल्या इंदुरी भाऊमंडळींना) आपल्या शहरातली ओळखीची जागा दिसली की ते पुढे पाठवतात. जुना व्हिडिओ आजचा म्हणून कधी टाकायचा नाही, एकदा पकडला गेलास की खरा टाकलास तरी कोणी मानणार नाही.

दोनशे व्ह्यूजचं दुःख करू नकोस. त्या दोनशेत तुझ्या वॉर्डाचा पार्षद (नगरसेवक) आहे का ते बघ, नसेल तर कॉलनीच्या ग्रुपवर टाक.

प्रश्न : आमच्या कॉलनीमागची झाडं तोडण्याची बातमी एका पेपरने घेतली नाही. कळलं की त्या बिल्डरची पानभर जाहिरात असते. मग उपयोग काय? — एक वाचक, वैशाली नगर

असतं असं. खोटं कशाला सांगू. पण इंदुरात एकच पेपर नाही, आणि एकाने घेतली नाही म्हटल्यावर दुसरा कधीकधी मुद्दाम घेतो.

कागद गोळा करा. आरटीआय लावा, दहा रुपये फी आणि ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं : झाडं तोडायची परवानगी कोणी दिली, किती झाडांची, बदल्यात कुठे लावायची अट आहे. "झाडं तोडली, नागरिक संतप्त" ही बातमी संपादक गाळू शकतो, पण सरकारी सही-शिक्क्याचा कागद हातात असला की गाळायला त्यालाही कारण शोधावं लागतं. राष्ट्रीय हरित लवादाचं मध्य विभागाचं खंडपीठ भोपाळलाच आहे, तिथे अर्ज दाखल झाला तर त्याचीही बातमी होते आणि कोर्टाची बातमी द्यायला पेपर कमी कचरतो.

हाच मार्ग चांगल्या बातमीलाही चालतो बरं का. १४ जुलै २०२४ ला इंदूरच्या रेवती रेंजवर २४ तासांत १२ लाखांवर रोपं लावली, गिनीज रेकॉर्ड झाला, सगळ्या देशाने दाखवलं. आता त्यातली किती जगली हे विचारायला कोणाची दुश्मनी लागत नाही, दरवर्षी जुलैत शांतपणे विचारावं, जगली असतील तर तेही आनंदाने छापून येईल.

प्रश्न : मी मराठीत लिहिते, पर्यावरणावर. इथे वाचणार कोण? हिंदीत लिहू का? — एक आजी, रामबाग

आजी, दोन्ही लिहा. मराठीत आमच्यासाठी लिहाच, पण नाला ज्यांच्या घरामागून जातो त्यातले बरेच लोक मालवी आणि हिंदी बोलतात, त्यांच्यापर्यंत मराठी कशी जाणार. आपल्या आकाशवाणीवर, मालवा हाऊसमधून, नंदाजी-भेराजी बोलायचे तुम्हाला आठवत असेल. बी-बियाणं, खत, कीड सगळं मालवीत, दोन शेजारी ओट्यावर गप्पा मारतायत असं, त्यात एक विचारायचा आणि दुसरा सांगायचा. शेतकी खात्याची माहितीच होती ती, पण शेतकरी रेडिओ लावून बसायचे कारण त्यांच्या बोलीत होती. तलाव, विहीर, कडुनिंब यावर तुम्ही तशा दोन आज्यांच्या गप्पा लिहिल्यात तर मी पहिला वाचीन, आणि आकाशवाणीला पाठवा म्हणून मागे लागेन.

लेख लिहायचा असेल तर आणखी एक जागा आहे आपल्याच शहरात, सर्वोदय प्रेस सर्व्हिस, तिला सगळे सप्रेस म्हणतात. पाणी, जंगल, शेती, खेडं यावरचे हिंदी लेख गेली कित्येक दशकं ते पेपरांना पाठवतात, आणि छोट्या जिल्ह्यांतले छोटे पेपर ते छापतात. मोठ्या पेपरच्या इंदूर आवृत्तीत यायची आपल्याला फार हौस असते, पण धार-झाबुआ-खरगोनच्या चार पानी पेपरात आलेला लेख तिथला सरपंच कापून ठेवतो. हिंदी कच्ची असेल तर नातवाकडून तपासून घ्या. आठशे शब्दांच्या वर जाऊ नका.