निकाल आधीच ठरलेला असतो, तर एडी गरेरोला एवढा मोठा कुस्तीगीर का मानतात?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. डब्ल्यूडब्ल्यूई या व्यावसायिक कुस्तीच्या अमेरिकन कंपनीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असताना आणि एडी अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला असताना, त्याचा मोठेपणा खरा होता की मृत्यूनंतर चढवलेला, ही पहिली. आणि त्याच्या कोणत्या लढती पाहाव्यात, ही दुसरी. दुसरीचे उत्तर सोपे आहे, ते पुढे येईलच. पहिलीतल्या 'निकाल ठरलेला असताना' या शब्दांवरून मात्र आमच्या घरात अनेक वर्षे वाद झालेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

माझे थोरले काका तरुणपणी सांगलीकडच्या एका तालमीत होते. जत्रेच्या मैदानांत नारळावरच्या कुस्तीपासून रोख इनामाच्या निकाली कुस्तीपर्यंत सर्व काही त्यांनी केले होते आणि खाशाबा जाधवांचे हेलसिंकीचे 1952 चे कांस्यपदक हा त्यांच्या दृष्टीने जगाच्या इतिहासातला मोठा प्रसंग होता. टेन स्पोर्ट्सवर डब्ल्यूडब्ल्यूईचा स्मॅकडाउन हा कार्यक्रम लागला की ते 'नुरा कुस्ती' एवढेच म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसत. 13 नोव्हेंबर 2005 रोजी मिनियापोलिसच्या एका हॉटेलच्या खोलीत एडी मृतावस्थेत आढळला. ती बातमी कळल्यावर मी जेवायला उतरलो नाही, तेव्हा काका पंगतीतून मोठ्याने म्हणाले, "काय रे, खोट्या कुस्तीतला माणूस खरा कसा मेला?" सगळी पंगत हसली. त्या वाक्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही. पुढे मात्र दर दिवाळीला देत आलो आहे.

एडीच्या घराण्याची माहिती काकांना मी प्रथम दिली, कारण वस्तादांची परंपरा म्हटले की ते ऐकून घेत. एडीचा जन्म 9 ऑक्टोबर 1967 रोजी टेक्सासमधील एल पासो या मेक्सिकोच्या सीमेवरच्या शहरात झाला. वडील गोरी गरेरो हे मेक्सिकोतील नामांकित कुस्तीगीर, ज्यांनी एल सांतो या दंतकथा बनलेल्या मुखवटाधारी मल्लाबरोबर जोडी जमवली होती. तीन थोरले भाऊ चावो, मांडो आणि हेक्टर हेही याच धंद्यात. वडील एल पासोत कुस्त्यांचे कार्यक्रम भरवत, आणि मध्यंतरात रिकाम्या रिंगणात लहानगा एडी व त्याच्याहून थोडाच लहान असलेला पुतण्या चावो एकमेकांवर डाव टाकत. 1987 मध्ये तो मेक्सिकोत व्यावसायिक झाला, पुढे जपानमध्ये 'ब्लॅक टायगर' या नावाने मुखवटा घालून लढला, आणि 1995 मध्ये अमेरिकेत ईसीडब्ल्यू व त्यानंतर डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्तीच्या कंपन्यांत आला. तीन देशांच्या तीन निरनिराळ्या कुस्तीपद्धती अंगात मुरवलेला मल्ल त्या काळी अमेरिकन टीव्हीवर विरळाच दिसे. मेक्सिकोतला त्याचा जोडीदार आर्ट बार नोव्हेंबर 1994 मध्ये गेला. दोरांच्या सर्वांत वरच्या कोपऱ्यावरून बेडकासारखी अंगाची घडी घालून खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर झेपावण्याचा त्याचा डाव एडीने त्याची आठवण म्हणून उचलला आणि शेवटपर्यंत वापरला.

आता करिश्म्याविषयी. एडीची उंची जेमतेम 5 फूट 8 इंच होती, म्हणजे त्या व्यवसायाच्या मापाने तो बुटकाच. डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला आणि पुतण्या चावोला 2002 मध्ये 'खोटे बोला, फसवा, चोरा' असे घोषवाक्य दिले, जे माझ्या मते मेक्सिकन वंशाच्या लोकांविषयीच्या स्वस्त पूर्वग्रहावर बेतलेले होते आणि लिहिणाऱ्यांना त्याची लाज वाटायला हवी होती. पण एडीने त्या घोषवाक्याचे जे केले ते दुसऱ्या कुणाला जमले नसते. त्याचा खुर्चीचा डाव आठवावा. पंचाची पाठ वळलेली असताना तो लोखंडी खुर्ची मॅटवर दाणकन आपटायचा, आवाज झाला की तीच खुर्ची प्रतिस्पर्ध्याच्या हातात अलगद फेकायचा आणि स्वतः डोके धरून आडवा व्हायचा. पंच वळून पाहतो तो खुर्ची दुसऱ्याच्याच हातात! पण खरी गंमत खुर्चीत नव्हती. आडवे होण्याआधी तो क्षणभर प्रेक्षकांकडे पाहायचा, खांदे उडवायचा, भुवया नाचवायचा. जणू काही सभागृहातल्या पंधरा हजार माणसांना तो कटात सामील करून घेत होता, आणि ती माणसे पंचाला काही न सांगता आनंदाने सामील होत होती. ज्या माणसाला लोकांनी खलनायक म्हणून हुर्यो करायची, त्याच्या लबाडीचे ते साक्षीदार होऊन हसू लागले. त्याची शेवटची टीव्हीवरची लढतही, मिस्टर केनेडीविरुद्धची, त्याने याच युक्तीने जिंकली. ती 11 नोव्हेंबर 2005 रोजी दाखवली गेली आणि दोन दिवसांनी तो गेला.

काकांना मी ज्या लढतीसमोर बसवले ती 14 मार्च 2004 ची, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली, डब्ल्यूडब्ल्यूईच्या रेसलमेनिया 20 या वार्षिक सोहळ्यातली. बसले ते एडीसाठी नव्हे, कर्ट अँगलसाठी. तो 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 100 किलो गटात फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकलेला मल्ल आहे हे कळल्यावर "हा पैलवान खरा" म्हणून त्यांनी चष्मा लावला. अँगलने पट काढला की ते मान डोलवत आणि एडी वरून झेपावला की पुटपुटत. पण थोड्या वेळाने त्यांचे पुटपुटणे बदलले. "मान कशी वाचवतो बघ," ते म्हणाले, "आणि समोरच्याचीही वाचवतो." तालमीत पोराला उचलून आपटताना त्याच्या मानेखाली आपला हात कसा ठेवायचा हे त्यांना वस्तादांनी शिकवले होते, त्यामुळे ही गोष्ट मला न दिसता त्यांना दिसली. शेवटी अँगलने एडीचा घोटा पिरगळून धरला, तेव्हा एडीने बुटाची नाडी सैल केली. अँगलने पुन्हा पाय धरताच बूट त्याच्या हातात आला आणि एडीने त्याला गुंडाळून खांदे टेकवले. काका ताडकन म्हणाले, "ही चोरी झाली!"

मला हेच हवे होते. कारण याच काकांनी आम्हा मुलांना अंगणात बसवून अनेकदा सांगितलेली गोष्ट अशी, की त्यांच्या तालमीतल्या एका पैलवानाने एका जत्रेत मानेला आणि दंडांना हलकेसे तेल चोळून कुस्ती धरली, समोरच्याची प्रत्येक पकड सुटत राहिली, आणि पंचाने अंगाला माती लावायला सांगेपर्यंत याने त्याला आसमान दाखवले होते. ती गोष्ट सांगताना काकांच्या चेहऱ्यावर निषेध कधीच नसे. उलट मानेवरून हात कसा निसटला हे ते साभिनय करून दाखवत आणि आम्ही लोळून हसत असू. तेल चोळणारा तो पैलवान त्यांना प्रिय का आणि बूट सोडणारा एडी चोर का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आजवर दिलेले नाही. त्यांचा आक्षेप खोटेपणावर आहे असे ते म्हणतात. मला वाटते तो एवढाच आहे, की ही गंमत त्यांच्या मातीत झाली नाही. शिवाय दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ज्या लढतींच्या आठवणी ते डोळे भरून सांगतात, त्याही व्यावसायिक कुस्तीच्या याच धंद्यातल्या होत्या, हे मी बोललो की ते पान लावायला घेतात.

निकाल ठरलेला असला तरी शरीर खरेच असते. 16 मे 2004 रोजी लॉस एंजेलिसमध्ये जेबीएल या मल्लाविरुद्ध, रक्त दिसावे म्हणून स्वतःच कपाळावर घ्यायची बारीक चीर खोलवर गेली आणि एडीचे रक्त एवढे वाहिले की लढतीनंतर त्याच्यावर उपचार करावे लागले. आणि काकांच्या पंगतीतल्या प्रश्नाचे उत्तरही शरीरातच आहे: शवविच्छेदनानुसार हृदयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे त्याचे हृदय बंद पडले. 1 जानेवारी 1999 च्या मोटार अपघातातून तो थोडक्यात वाचला होता. वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांच्या आहारी गेला होता. नोव्हेंबर 2001 मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडला गेला आणि कंपनीतली त्याची नोकरी गेली. त्यानंतर छोट्या छोट्या सभागृहांत लढत तो एप्रिल 2002 मध्ये परतला, आणि 15 फेब्रुवारी 2004 रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये ब्रॉक लेस्नर या मल्लाला हरवून डब्ल्यूडब्ल्यूईचा विजेता झाला. त्याला जिंकवायचे असे कार्यालयात ठरले होते, हे खरेच आहे. पण बुटक्या, नोकरीवरून काढलेल्या, व्यसनातून उठलेल्या माणसाला जिंकवले तरच सभागृह उसळेल, अशी परिस्थिती त्या कार्यालयासमोर कुणी निर्माण केली? ती एडीने केली, आणि माझ्या मते त्याचे मोठेपण तिथेच सिद्ध होते. ते मृत्यूच्या बरेच आधीचे आहे.

काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. लेस्नरविरुद्धच्या त्या विजयात मध्येच येऊन धडक देणाऱ्या गोल्डबर्ग या दुसऱ्या मल्लाचाही वाटा होता. विजेतेपद त्याच्याकडे जूनअखेरपर्यंतच राहिले. तो शेवटची चार वर्षे व्यसनापासून दूर असला, तरी त्याची कहाणी 'व्यसनावर मात' म्हणून रंगवून सांगणे मला पटत नाही, कारण आधीच्या वर्षांनी हृदयाचे जे करायचे ते केलेच होते. डब्ल्यूडब्ल्यूईने मल्लांच्या आरोग्यतपासणीचा आणि उत्तेजकांच्या चाचण्यांचा नवा कार्यक्रम फेब्रुवारी 2006 मध्ये जाहीर केला, तो त्याच्या मृत्यूनंतरच.

राहिला दुसरा प्रश्न. सुरुवात 26 ऑक्टोबर 1997 च्या रे मिस्टेरिओविरुद्धच्या लढतीने करा. ती लास व्हेगासला झाली, चौदा मिनिटांच्या आसपासची आहे आणि तिच्यात एडी हरतो. मिस्टेरिओचा मुखवटा पणाला लागलेला (हरला तर तो कायमचा उतरवायचा) असताना एडी तो फाडू पाहतो, आणि लोक त्याचा जो मनापासून द्वेष करतात तो ऐकण्यासारखा आहे. आठ वर्षांनी याच माणसासाठी सभागृह रडणार आहे हे माहीत असेल तर आणखीच. मग काऊ पॅलेस, मग अँगल. जेबीएलची रक्तबंबाळ लढत घरात मुले असतील तर टाळावी. 2006 मध्ये त्याच्या मृत्यूचाच कथानकासाठी वापर करून रँडी ऑर्टन या मल्लाच्या तोंडी 'एडी नरकात आहे' असे वाक्य घातले गेले, ते भाग पाहूच नयेत. आमच्या काकांनी त्यातला एक माझ्या शेजारी बसून पाहिला, आणि त्या दिवशी ते 'नुरा कुस्ती' म्हणाले तेव्हा मी वाद घातला नाही.