लेकीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा की गावातलं आर्ट्स?

प्रश्न: मुलीला दहावीत ८२ टक्के, गणितात ८८. तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय. सरकारी पॉलिटेक्निक जिल्ह्याच्या गावी, ३४ किलोमीटरवर. यजमान रिक्षा चालवतात, मी शिवणकाम करते. आम्ही ओबीसीत येतो. घरचे म्हणतात, गावातच आर्ट्स घेऊ दे, पुढे डीएड करून बाई होईल. पैसे धाकट्यासाठी ठेवायचे आहेत. तो यंदा नववीत गेला. काय करावं?

उत्तर: ताई, गणितात ८८ मिळवणाऱ्या मुलाला तुमच्या घरात कुणी आर्ट्स सुचवलं असतं का? हा प्रश्न आधी यजमानांसमोर ठेवा. मग हिशेबाला बसा, कारण ‘पैसे मुलासाठी’ या म्हणण्यातला हिशेबच चुकलाय.

२०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमच्या मुलाला हीच सवलत निम्मी मिळेल. म्हणजे शिकवायला लेकच स्वस्त! आणखी एक अट, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला की माफी गेली. वसतिगृह, मेस, पुस्तकं, ड्रॉइंगचं साहित्य मात्र तुमच्याच खिशातून.

एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मुलींसाठीची ‘प्रगती’ शिष्यवृत्तीही पाहा: वर्षाला ५० हजार, डिप्लोमाची तिन्ही वर्षं, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. जागा मर्यादित आणि गुणांवर असतात. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेतली तर ही मिळत नाही. सरकारी पॉलिटेक्निकची फी मुळात थोडी, म्हणजे माफीतून वाचणारी रक्कमही थोडीच, म्हणून कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बसून कोणती घ्यायची ते आधी ठरवा, मगच अर्ज भरा.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलींचं घोडं फीवर नाही, कागदांवर अडतं. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र आजच सेतूत टाका. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपलेली असली तर मुलगी खुल्या गटात ढकलली जाते आणि माफीही हातची जाते. बँक खातं तिच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. दुसऱ्या वर्षी विसरणारे पुष्कळ.

आता एसटी. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना पास फुकट, त्यामुळे अकरावी आपोआप ‘परवडते’. पॉलिटेक्निकला विद्यार्थी मासिक पास काढावा लागेल, साधारण एकतृतीयांश भाड्यात. मुलींचं आयुष्य एका बसपासावरून ठरतं, हे आम्ही दर जूनमध्ये पाहतो.

डीएड हा सोपा रस्ता समजू नका. अकरावी-बारावी, दोन वर्षं डीएड, मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर भरतीची वाट. शिकवायची आवड असेल तर जरूर जावं, पण ‘मुलीला बरं पडतं’ म्हणून नको. डिप्लोमा तीन वर्षांत संपतो, आणि पुढे शिकायचं ठरलं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. ‘खांबावर चढायचं काम’ ही भीती असेल, तर डिप्लोमाधारकाचं काम मुख्यतः उपकेंद्र, पॅनेल, चाचणी आणि ड्रॉइंगचं असतं.

तिचा डिप्लोमा संपेल तेव्हा मुलगा बारावीत जाईल. ती कमावती झाली की त्याचा क्लास तिच्याच पगारावर टाकायचा मोह होईल. तो टाळा. तिचे पहिले पैसे तिच्या पुढच्या शिक्षणाचे.

घरच्यांशी वाद घालू नका. यजमानांना एकदा पहिल्या एसटीने पॉलिटेक्निकला न्या. प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, त्यानंतरची शेवटची गाडी कोणती, मुलींचं वसतिगृह आहे का, इलेक्ट्रिकलच्या वर्गात मुली किती आहेत, हे त्यांनाच विचारू द्या. वर्गातल्या दोन-तीन मुलींशी तुमची लेक स्वतः बोलली तर उत्तम. कॅपचा पसंतीक्रम त्या दिवशीच भरू नका. पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, म्हणून घरी येऊन, रोज जाता येईल अशीच संस्था आणि तिला खरंच हवी ती शाखा पहिल्या ओळीत लिहा.