मराठीत कथा लिहिते, लेखन शिकायला शिष्यवृत्ती कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात, कथा लिहिता, घरची कोरडवाहू शेती आहे, आणि 'क्रिएटिव्ह रायटिंग' शिकण्यासाठी शिष्यवृत्ती हवी आहे. मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवते, कविता लिहिते. माझ्या वर्गातली एखादी मुलगी दर वर्षी हेच विचारते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठीत लेखन शिकणाऱ्याची फी भरणारी शिष्यवृत्ती शोधत बसलात तर हाती फार थोडं लागेल. आपल्याकडे पैसा मिळतो तो हस्तलिखिताला, नाहीतर ठरवलेल्या प्रकल्पाला. एम.ए.ला प्रवेश घेतलात तर प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार मिळणाऱ्या नेहमीच्या शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज कराच, तो हक्काचा पैसा आहे. पण लेखिका म्हणून मदत हवी असेल तर वाट दुसरी.

सगळ्यात आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. मंडळ 1960 सालचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. कथा, कविता, कादंबरी, नाटक अशा प्रकारांत नवोदितांची हस्तलिखितं मागवतात, तज्ज्ञ ती वाचतात आणि निवडलेल्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान देतात. माझ्या एका विद्यार्थिनीचा कथासंग्रह असाच आला. तिचे वडील ऊसतोडीला जायचे, छपाईला घालायला घरात पैसा नव्हताच.

इथे एक कळकळीची विनंती. 'पहिलं पुस्तक' हा शब्द नीट लक्षात ठेवा. मी तेविसाव्या वर्षी एका प्रकाशकाला अठरा हजार रुपये दिले आणि कवितासंग्रह काढून घेतला. तीनशे प्रती घरी आल्या, दुकानात एकही दिसली नाही. पुढे या योजनेची माहिती कळली तेव्हा माझं पहिलं पुस्तक होऊन गेलेलं होतं. ते पैसे आईने बचत गटातून उचलले होते, म्हणून अजून लागतं मनाला. तुमच्याकडे कुणी छपाईचे पैसे मागितले तर देऊ नका. आधी हस्तलिखित मंडळाकडे पाठवा.

पहिलं पुस्तक आलं की राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे वेगळे विभाग आहेत, तिथे स्पर्धा फक्त नवोदितांशी असते. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीच्या आतल्यांना, 50 हजार रुपयांचा. 2011पासून तो मराठीतही दिला जातो. अकादमी तरुण लेखकांना दुसऱ्या राज्यात जाऊन तिथलं साहित्य आणि लेखक समजून घ्यायला प्रवास अनुदानही देते. त्याला अर्ज करायचं कुणाच्या लक्षात येत नाही, तुम्ही करा.

रोख रकमेच्या दृष्टीने तुमच्या वयात मोठी संधी म्हणजे नॅशनल बुक ट्रस्टमार्फत राबवली जाणारी पंतप्रधान युवा लेखक योजना. 2021च्या पहिल्या फेरीत देशभरातून 75 जण निवडले, वय तिशीच्या आत, महिना 50 हजार रुपये सहा महिने, वर मार्गदर्शक आणि पुस्तकावर रॉयल्टी. मराठीतून लिहिता येतं. मात्र विषय ते ठरवतात. पहिल्यांदा स्वातंत्र्यलढा होता, 2022मध्ये लोकशाही. तुमच्या कथांना तिथे जागा नाही. पण त्या फेरीचा विषय जुळत असेल आणि, समजा, गावातल्या एखाद्या विसरलेल्या सत्याग्रहावर कागदपत्रं धुंडाळून लिहायची तयारी असेल तर विचार करा.

इंग्रजी बऱ्यापैकी वाचत असाल तर अनुवादाकडेही बघा. न्यू इंडिया फाउंडेशन मराठीसह दहा भाषांतल्या कथेतर पुस्तकांच्या इंग्रजी अनुवादासाठी सहा लाखांची फेलोशिप देतं. आज नाही, पण पाच वर्षांनी ती तुमच्या आवाक्यात येऊ शकते. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स प्रकल्पांना अनुदान देतं, आणि प्रस्ताव भारतीय भाषेत लिहिलेला चालतो.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत लेखनाच्या एमएफए या पदव्युत्तर पदवीला फी माफ होते आणि वर विद्यावेतनही मिळतं, टेक्सास विद्यापीठाचं ऑस्टिनमधलं मिचनर सेंटर त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण तिथे लेखन इंग्रजीतून. मराठीत लिहिणाऱ्याला त्यापेक्षा तिथल्याच आयोवा विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रम जवळचा, कवी दिलीप चित्रे 1975मध्ये तिथेच गेले होते. तो मात्र नाव झालेल्या लेखकांसाठी आहे, पदवीसाठी नाही.

आता अर्जाचं. परीक्षक पहिली दहा पानं वाचूनच मत बनवतात असं धरून चाला, सगळ्यात चांगली कथा पुढे ठेवा. नियतकालिकांत कथा पाठवत राहा आणि छापून आलेल्या प्रत्येक अंकाची प्रत जपा. प्रस्तावात 'मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे' हे वाक्य नको. काय लिहिणार, त्यासाठी कुठे जाणार, कुणाशी बोलणार, किती महिन्यांत आणि किती खर्चात, एवढं लिहा. वयाचा दाखला, अधिवास आणि बँक पासबुकावरचं नाव एकसारखं आहे ना, ते आत्ताच बघून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे अर्ज याच कारणाने अडकलेले मी पाहिलेत.

जाहिराती वर्तमानपत्रात येतात, पण मुदत थोडी असते. कथा आधीच टाइप करून ठेवा, युनिकोडमध्ये.